धरण टिकलं होतं, म्हणजे ते सुरक्षित होतं का?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी मला जिन्यातच गाठलं आणि विचारलं, "सर, एखाद्याला अगदी मनापासून वाटत असेल की आपल्या वागण्यामुळे कुणाला धोका नाही, तर ती त्याची चूक म्हणा. पण त्याला दोषी कसं म्हणता येईल?" जिन्यात उभं राहून उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हे. म्हणून आज एका तळ्याची हकिगत सांगणार आहे. तत्त्वज्ञान त्यातूनच येईल.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात जॉन्सटाउन नावाचं लोखंड-पोलादाच्या कारखान्यांचं गाव आहे. अरुंद दरीत, दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं. त्याच्या वरच्या अंगाला सुमारे २२ किलोमीटरवर, डोंगरात, साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं. उंची ७२ फूट, लांबी ९३१ फूट. राज्य सरकारने ते कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधायला घेतलं आणि १८५३ मध्ये पुरं केलं. पण तोवर रेल्वे आली आणि कालव्याची गरजच संपली. रेल्वेने धरण विकत घेतलं. त्यांना त्याचं काय करायचं होतं? काहीच नाही. १८६२ मध्ये ते एका ठिकाणी फुटलं. तळ्यात पाणी कमी होतं म्हणून फारसं नुकसान झालं नाही. पुढे १८७५ मध्ये ते एका गृहस्थांनी घेतलं आणि धरणाच्या तळातले बिडाचे पाइप काढून भंगारात विकले. हे पाइप लक्षात ठेवा.

१८७९ मध्ये बेंजामिन रफ नावाच्या कंत्राटदाराने ही मोडकी मालमत्ता घेतली आणि पिट्सबर्गच्या धनिकांसाठी क्लब काढला. मासेमारी आणि शिकारीचा क्लब. सभासद साठेक, पण नावं बघा: अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन. डोंगरात दोन मैल लांबीचं तळं, ४७ खोल्यांचं क्लबघर, काठावर बंगले, शिडाच्या होड्या. उन्हाळ्यात कारखान्यांच्या धुरातून सुटून यायचं आणि गळ टाकून बसायचं. यात गैर काय आहे? काहीच नाही. आपणही रविवारी खडकवासल्याच्या काठावर कणसं खायला जातोच की.

आता थोडं धरणाविषयी, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दगडी धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहिलं तर ते काही काळ तरी तग धरू शकतं. मातीच्या धरणाला ते चालत नाही. माथ्यावरून पाणी जाऊ लागलं की ते उतारावरची माती खरवडत नेतं, घळ पडते, घळीतून पाण्याला जोर येतो आणि तो जोर घळ आणखी रुंद करतो. म्हणून मातीच्या धरणाचा पहिला नियम असा, की पाणी माथ्यावर पोचताच कामा नये. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. तळातून पाणी सोडण्याची सोय, म्हणजे पाऊस येण्याआधी पातळी खाली आणता येते. बाजूला पुरेसा मोठा सांडवा. आणि सांडव्याच्या वर माथ्याची भरपूर उंची.

क्लबने या तिन्हींचं काय केलं पाहा. तळातले पाइप आधीच गेले होते, ते परत बसवले नाहीत. म्हणजे तळं एकदा भरलं की दुरुस्तीसाठीसुद्धा रिकामं करता येत नाही. माथ्यावरून दोन घोडागाड्या समोरासमोर जाव्यात म्हणून रस्ता रुंद करायचा होता. त्यासाठी माथा दोन-तीन फुटांनी उतरवला. सांडव्यावर पूल आला आणि विकत आणून सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून तिथे लोखंडी जाळ्या बसल्या. शिवाय जुनं भगदाड बुजवलं ते दगड, माती, झाडांच्या फांद्या, गवत असं मिळेल ते टाकून. तो भाग पुढे खचला. म्हणजे पाणी वर आलंच तर ते सगळ्यात आधी सगळ्यात कच्च्या जागेवरून जाणार!

यातला एकही निर्णय कुणाच्या जिवावर उठण्यासाठी घेतलेला नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. गाड्यांची सोय, माशांची सोय, थोडी बचत. क्षुल्लक गोष्टी. खलनायक शोधायला गेलात तर हाती जाळी लागेल.

मग त्यांना कुणी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. जॉन्सटाउनच्या कँब्रिया लोखंड कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्ये जॉन फुल्टन या अभियंत्याला धरण पाहायला पाठवलं. फुल्टनने दोन दोष स्पष्ट लिहिले: पाणी सोडायला पाइप नाही, आणि दुरुस्ती कच्ची आहे. रफने त्याच्या तपशिलांवर आक्षेप घेतले आणि कळवलं, की तुम्हाला आणि तुमच्या माणसांना आमच्या उपक्रमापासून काही धोका नाही. मॉरेल यांनी दुरुस्तीचा काही खर्च आपण उचलतो असंही सुचवलं. ते नाकारलं गेलं. शेवटी त्यांनी क्लबचं सभासदत्व घेतलं. १८८५ मध्ये ते वारले आणि दोन वर्षांनी रफही.

जिन्यातल्या प्रश्नाकडे आता वळू. विल्यम क्लिफर्ड हा इंग्रज गणिती आणि तत्त्वज्ञ. त्याचा 'श्रद्धेची नीती' या विषयावरचा निबंध १८७७ चा, म्हणजे क्लब निघण्याच्या दोनच वर्षं आधीचा. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्तीला पैसे लागतील, आणि त्यातून स्थलांतरित कुटुंबं परदेशी जाणार आहेत. मालकाच्या मनात शंका येते. मग तो स्वतःला समजावतो: इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल. हळूहळू त्याची खरोखरच तशी खात्री पटते. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, त्याची समजूत प्रामाणिक होती हे मान्य, पण समोरच्या पुराव्यावरून तशी समजूत करून घेण्याचा त्याला अधिकारच नव्हता. ती त्याने चौकशी करून मिळवली नव्हती, शंका दाबून मिळवली होती. आणि पुढे तो म्हणतो ते अधिक महत्त्वाचं आहे: समजा जहाज बुडालं नसतं, तर? तरीही मालक तितकाच दोषी.

हे लावून पाहा. १८८१ मध्ये धरण टिकलं. १८८५ मध्ये टिकलं. १८८८ मध्येही टिकलं. ही काही सुरक्षिततेची सिद्धता नव्हे. मोठा पाऊस अजून आला नव्हता, एवढंच त्यातून कळतं. पण दर वर्षी खात्री वाढत गेली, आणि केवळ क्लबची नव्हे. खालच्या गावातही दर पावसाळी हंगामात 'धरण फुटणार' अशी आवई उठायची आणि लोक हसायचे. फरक इतकाच, की गावकऱ्यांची समजूत चुकली तर मरणार गावकरी, आणि क्लबची चुकली तरीही मरणार गावकरीच. ज्याची किंमत दुसरा मोजणार आहे ती खात्री बाळगणाऱ्याने जास्त चौकशी करायला हवी. मला क्लिफर्डचा खरा रोख इथे दिसतो.

३१ मे १८८९. रात्रभर प्रचंड पाऊस झालेला. सकाळी क्लबचे अध्यक्ष इलायस अंगर उठून पाहतात तो पाणी माथ्याकडे चढतंय. गटारांच्या कामावर आलेले मजूर त्यांनी माथा वाढवायला आणि बाजूला नवा सांडवा खणायला लावले. जाळ्या काढा असं सुचवलं गेलं, पण मासे जातील म्हणून आधी चालढकल झाली. मग काढायला गेले तर ओंडक्यांनी आणि पालापाचोळ्याने त्या घट्ट बसलेल्या. जॉन पार्क हा तरुण अभियंता घोड्यावरून साउथ फोर्क गावात तारेने इशारा द्यायला धावला. खाली निरोप पोचले तेही फारसे कुणी मनावर घेतले नाहीत. दुपारी तीनच्या सुमारास धरण गेलं. सुमारे दीड कोटी घनमीटर पाणी दरीत उतरलं, वाटेतली गावं, इंजिनं, तारांची भेंडोळी घेऊन, आणि ४ वाजून ७ मिनिटांनी जॉन्सटाउनवर आलं. मृत २,२०९. त्यातल्या ७७७ जणांची ओळख पटली नाही. ९९ कुटुंबं समूळ गेली.

इथे बसलेल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना १२ जुलै १९६१ आठवला असेल. पानशेतही मातीचंच. त्याची हकिगत वेगळी आहे आणि करमणुकीशी तिचा संबंध नाही, पण माती आणि पाण्याचं नातं तेच.

पुढे खटले झाले. क्लबकडून कुणालाही भरपाई मिळवता आली नाही. पूर ही देवाची करणी ठरली. क्लबच्या नावावर विशेष मालमत्ता नव्हती आणि सभासदांच्या खिशापर्यंत कायदा पोचेना. अभियंत्यांच्या संघटनेचा चौकशी अहवाल १८९१ मध्ये आला. त्याचा सूर असा, की माथा उतरवला नसता तरी धरण गेलंच असतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ती आकडेमोड पुन्हा केली आणि हा निष्कर्ष खोडून काढला: माथा उतरवल्यामुळे पाणी बाहेर टाकण्याची क्षमता फार घटली होती. सव्वाशे वर्षांनी!

इंग्लंडमध्ये मात्र १८६८ मध्येच 'रायलंड्स विरुद्ध फ्लेचर' हा निकाल लागला होता. तोही एका तळ्याचाच: गिरणीसाठी बांधलेल्या तळ्याचं पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं. धोक्याची वस्तू आपल्या जमिनीवर आणून साठवलीत आणि ती सुटली, तर हलगर्जी सिद्ध न होताही भरपाई तुमच्यावर, असं न्यायालयाने म्हटलं. पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने १८८६ मध्ये हे तत्त्व नाकारलं होतं. जॉन्सटाउननंतर अमेरिकेतली बरीच राज्यं हळूहळू त्याकडे वळली. आपलं सर्वोच्च न्यायालय तर एम. सी. मेहता खटल्यात, दिल्लीतल्या वायुगळतीच्या संदर्भात, आणखी पुढे गेलं: धोकादायक उद्योगाला रायलंड्समधले अपवादही, 'देवाची करणी' धरून, मिळणार नाहीत. बघा, "मला तसं मनापासून वाटत होतं" या उत्तराला इथे जागाच उरत नाही. कायदा तुमचं मन तपासत नाही, तुम्ही काय साठवलंत ते विचारतो. आणि २०२१ च्या आपल्या धरण सुरक्षा कायद्याने १५ मीटरहून उंच धरणांच्या मालकांवर तपासणी, देखभाल आणि आपत्कालीन योजना बंधनकारक केली आहे. साउथ फोर्क असतं तर त्यात बसलं असतं.

जॉन्सटाउनचं ग्रंथालय पुरात गेलं. नवं कार्नेगींनी बांधून दिलं. आज त्याच इमारतीत पुराचं संग्रहालय आहे. वर डोंगरात तळ्याच्या जागी गवत वाढलंय; धरणाची दोन्ही टोकं अजून उभी आहेत, आणि मधल्या खिंडीतून रेल्वे जाते.

आता तुमचे प्रश्न घेतो. जिन्यातले ते गृहस्थ आज आले असतील तर पहिला मान त्यांचा.