ऐकू येतंय, दिसत नाही!

३० जानेवारी १९६९, गुरुवार. लंडनमधल्या शिंप्यांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या सॅव्हिल रोवर जेवणाच्या सुट्टीत अचानक वरून गाणी ऐकू येऊ लागली. ३ क्रमांकाच्या इमारतीच्या गच्चीवर बीटल्स वाजवत होते. जाहिरात नाही, तिकीट नाही. १९६६च्या ऑगस्टमधल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमानंतर त्यांनी जाहीर मैफलीच बंद केल्या होत्या, त्यामुळे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

रस्त्यावर उभे असणाऱ्यांना फक्त आवाज येत होता, माणसं दिसत नव्हती. माना मोडेस्तोवर वर पाहायचं आणि अंदाज बांधायचा. शेजारच्या कचेऱ्यांतले लोक मात्र खिडक्यांत आले, काही जण थेट छपरांवर चढले. त्या दिवशी नशीबवान ठरले ते हेच! शिवाय ‘गेट बॅक’सह सगळी गाणी तोवर अप्रकाशित होती. सोबत गुणगुणण्याची सोय नव्हती. कोरी गाणी पहिल्यांदा कानावर पडत होती. आधीपासून पाठ असलेल्या गाण्यांच्या मैफलीत हे सुख कुठून मिळणार?

कडाक्याची थंडी होती. लेननने प्रेयसी योको ओनोचा फरकोट चढवला होता, रिंगोने पत्नीचा लाल रेनकोट. आवाजाच्या तक्रारींवरून पोलीस वर पोचले आणि सुमारे ४२ मिनिटांत सगळं आटोपलं. ही बीटल्सची शेवटची जाहीर मैफल ठरली. खाली उभ्या असलेल्यांपैकी कोणालाच ते ठाऊक नव्हतं.