ताण, रोग आणि जनुकांवरचे कारभारी

रोपाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात, पण ती सगळी एका वेळी कामाला लागत नाहीत. कोणते जनुक केव्हा चालू व्हायचे आणि केव्हा थांबायचे, याचा कारभार काही खास प्रथिनांकडे असतो. जनुकाच्या अलीकडे डीएनएवर ठरावीक अक्षरांची जागा असते. हे नियंत्रक प्रथिन तिथे बसते आणि त्या जनुकाचे वाचन वाढवते किंवा रोखते. मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपातही अशी दीड हजारांहून अधिक प्रथिने आहेत. उन्हातून, गारठ्यातून किंवा किडीपासून पळ काढणे रोपाला शक्य नसल्याने त्याचा बचाव बराचसा याच प्रथिनांवर अवलंबून असतो.

पाण्याची ओढ बसली किंवा थंडीचा कडाका पडला की ‘ड्रेब’ गटातली प्रथिने एकाच वेळी अनेक संरक्षक जनुके जागी करतात. जपानी शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये यातले एक प्रथिन रोपात सतत तयार होईल अशी व्यवस्था केली. रोपे दुष्काळात, क्षारात आणि गोठवणाऱ्या थंडीत तगली, पण खुरटली. तेच प्रथिन फक्त ताणाच्या वेळी तयार होऊ दिल्यावर वाढीचे नुकसान बरेच टळले. नुसते बळ वाढवून भागत नाही, ते वेळेवर वापरले जाणे अधिक मोलाचे, हे या प्रयोगाने स्पष्ट केले.

रोगाच्या बाबतीत मामला आणखी गुंतागुंतीचा आहे, कारण रोगजंतूही याच यंत्रणेवर डल्ला मारतात. भातावर जिवाणूजन्य करपा आणणारा झँथोमोनास स्वतःचे नियंत्रक प्रथिन थेट भाताच्या पेशीत सोडतो. ते साखर वाहून नेणाऱ्या ‘स्वीट’ जनुकाच्या अलीकडे बसून त्याला चालू करते. साखर पेशीबाहेर येते आणि जिवाणू त्यावर पोसले जातात. काही भातांत मात्र नेमक्या त्या जागेची अक्षरे बदललेली असल्याने शत्रूच्या प्रथिनाला तिथे बसताच येत नाही. एक्सए 13 नावाचा हा प्रतिकार 2007 च्या सुधारित पुसा बासमती 1 या वाणात दुसऱ्या एका प्रतिकारक जनुकासोबत आणला गेला.

कधी नियंत्रक प्रथिन काढून टाकणेच फायद्याचे ठरते. भातातले ‘डीएसटी’ प्रथिन निकामी झाले की पर्णरंध्रे अधिक मिटलेली राहतात, त्यांची संख्याही घटते आणि पाणी कमी उडते. चिनी संशोधकांनी 2009 मध्ये हे दाखवले. त्याच जनुकात नेमका बदल करून भारतीय कृषी संशोधन संस्थेने एमटीयू 1010 या वाणापासून ‘पुसा डीएसटी राईस 1’ तयार केला. मे 2025 मध्ये तो जाहीर झाला. प्रयोगशाळेतले तर्क पक्के आहेत, पण या वाणाची खरी परीक्षा शेतकऱ्याच्या खाचरात, पाऊस ओढ देईल त्या हंगामातच होईल.