भोरड्यांची दिंडी

पोरांनो, आषाढात माउलींची पालखी आपल्या नातेपुत्यात मुक्काम करून पंढरीला जाते. त्यानंतर, श्रावण-भाद्रपदापासून, दुसरी एक दिंडी उत्तरेकडून आपल्या शिवारात उतरू लागते. ही दिंडी भोरड्यांची. पुस्तकात भोरडीला पळसमैना म्हणतात.

बाभळीवर टेकलेली एखादी भोरडी नीट न्याहाळा. डोकं, पंख आणि शेपूट काळंभोर, उन्हात त्यावर जांभळी-हिरवी झाक. पाठ-पोट गुलाबी आणि डोक्यावर मागे झुकलेला तुरा. त्या वर्षीची पिल्लं मात्र मातकट, पिवळसर चोचीची. थव्यात दोन्ही दिसतात.

तिचं माहेर लांब, मध्य आशियातल्या गवताळ माळांवर. तिथे मे-जूनमध्ये टोळ आणि नाकतोडे माजतात, आणि नेमक्या त्याच वेळी दगडांच्या कपारींत हिची पिल्लं चोची वासून बसलेली असतात. टोळ भरपूर, तर पिल्लं भरपूर. टोळ सरले की सगळी वसाहत उठते, म्हणून तर ही पाहुणी थंडीच्या कितीतरी आधी आपल्याकडे पोचते. चीनच्या शिंजियांग प्रांतात तिने टोळ खावेत म्हणून माळावर मुद्दाम दगडांचे ढीग रचून घरटी करायला जागा देतात. केवढा मान!

आपल्याकडे मान नाही, गोफण आहे. शाळू हुरड्यात आला की थवा कणसांवर तुटून पडतो. राखणीला माळ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचा जीव रडकुंडीला येतो, हे खरंच आहे. पण तोच थवा रानातले नाकतोडे आणि अळ्याही टिपतो, आणि फाल्गुनात पळस-पांगाऱ्याच्या फुलांतला रस पिताना कपाळावर पराग घेऊन झाडोझाड फिरतो. हा हिशेब कुणी मांडत नाही.

दिवस मावळताना पाझर तलावाच्या काठी थांबा. रात्रीच्या मुक्कामाला आलेले थवे एकमेकांत मिसळतात आणि आभाळात काळा पट्टा वळतो, फुगतो, चिरफाळतो, पुन्हा जुळतो. पुढारी कोणीच नसतो. रोममध्ये भोरडीच्या जातभाईंच्या थव्यांचे फोटो काढून शास्त्रज्ञांनी 2008 साली दाखवलं, की प्रत्येक पक्षी फक्त जवळच्या सहा-सात सोबत्यांकडे लक्ष ठेवतो. ते वळले की हा वळतो, आणि वळण क्षणात थवाभर पोचतं. झडप घालणाऱ्या ससाण्याला मग नेमका कोणता पक्षी धरावा तेच कळत नाही.

एप्रिल सरता सरता त्या परत निघतील. तोवर हुरडा राखायला डबा बडवा, हाळ्या घाला, खुशाल हुसकावा. गोफणीत दगड मात्र घालू नका.