कॅमेऱ्याची पिशवी

कॅमेरा घ्यायचा म्हटला की आपण महिनामहिना चौकशी करतो. चार जाणत्यांना विचारतो, किमती ताडून पाहतो, भिंगांची नावे पाठ करतो. पण तो ज्या पिशवीतून गावोगाव हिंडणार, ती मात्र दुकानदाराने पुढे केली की मुकाट्याने खांद्याला लावून घरी येतो. मीही तेच केले होते, आणि त्याची किंमत मी मोजलेली आहे. म्हणून आज या साध्या पिशवीविषयी तुमच्याशी थोडे बोलायचे आहे.

माझा विषय इतिहास. लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड म्हणजे वीरगळ. असे वीरगळ शोधून त्यांची छायाचित्रे घेण्याचा मला छंद आहे. २०१६ च्या मे महिन्यात सातारा जिल्ह्यातल्या काही गावांतून चार दिवस हिंडलो. कॅमेऱ्याची पेटी काळी, चौकोनी, टणक. झाकणावर कंपनीचे नाव ठसठशीत पांढऱ्या अक्षरांत. परतताना एका एस. टी. स्थानकावर पाण्याची बाटली भरायला नळाशी वाकलो. वळून पाहतो, तो बाकावरची पेटी नाही. शेजारी ठेवलेली टोपी आणि जेवणाचा डबा जागच्या जागी होते. चोराला वाचता येत होते, एवढेच!

कॅमेरा पुढे हप्त्याने दुसरा आला. पण चार दिवसांची छायाचित्रे कॅमेऱ्यातल्या कार्डावर होती, आणि भरलेली कार्डे त्याच पेटीच्या खणात. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा त्या गावांना गेलो. एका देवळाचा दरम्यान जीर्णोद्धार झाला होता आणि दारातला वीरगळ नव्या फरशीखाली गेला होता. पुजारीबुवांनी मला ती जागा पायाने दाखवली. त्या दगडाचे चित्र आता माझ्याजवळ नाही, आणि दगडही डोळ्यांपुढे नाही.

तेव्हापासून पिशवी घेताना मी तीन प्रश्न विचारतो. ती बाहेरून काय सांगते? ती कोणाच्या हाताने उघडते? आणि आतल्या वस्तूला ती खरोखर सांभाळते का?

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपण सगळेच जाणतो. पण इथे मुठीत खरोखरच सव्वा लाख असतात, म्हणून ती झाकायची! फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिये-ब्रेसाँ आपल्या लहानशा लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकून घेत असत. समोरच्या माणसाला कॅमेऱ्याची जाणीव होऊ नये, हा त्यांचा हेतू. चोराचे लक्ष चुकवायचे असो की माणसाचा सहज भाव टिपायचा असो, उपाय एकच: नजरेत न भरणे.

पिशव्यांचा इतिहासही हेच सांगतो. इंग्लंडात बिलिंगहॅम हा कारखाना १९७३ साली निघाला, तो गळ टाकून मासे धरणाऱ्या शौकिनांच्या पिशव्या शिवण्यासाठी. १९७८ च्या सुमारास मालकांच्या ध्यानात आले, की न्यूयॉर्कमधले छायाचित्रकार याच पिशव्या घेऊन त्यांत कॅमेरे ठेवू लागले आहेत. पाण्याकाठी वापरायची पिशवी ती. पावसाला दाद देत नसे, आणि पाहणाऱ्याला आत मासे वाटत! त्याच दशकात अमेरिकेत जिम डोमके या वृत्तपत्र-छायाचित्रकाराने टणक पेट्यांना कंटाळून स्वतःसाठी मऊ कॅनव्हासची पिशवी आखली, आणि पुढे ती जगभर गेली. आज मात्र या पिशव्याही जाणकारांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. तेव्हा नावामागे जाऊ नका. तुमच्या भोवतालची माणसे जशी पिशवी वापरतात, तशीच तुमची असू द्या. कचेरीला जाणाऱ्याने कचेरीची बॅग घ्यावी, विद्यार्थ्याने पाठीवरची साधी सॅक. आत बसवायचे गादीदार खोके बाजारात वेगळे मिळते; ते घातले की कोणतीही साधी पिशवी कॅमेऱ्याची होते.

मग खांद्यावरची शबनमच का नको, असे कोणी विचारील. शबनम झाकते खरी, पण तिचे तोंड सदा उघडे. इथे दुसरा प्रश्न येतो. पिशवी तुमच्या हाताने चटकन उघडावी, दुसऱ्याच्या हाताने उघडू नये. पाठीवरची घ्यायची, तर जिचे मोठे तोंड पाठीला टेकणाऱ्या बाजूला आहे अशी घ्यावी. पाठीवर असेपर्यंत ती मागच्या माणसाला उघडता येत नाही. खांद्याची घ्यायची, तर झाकण चेनच्या बरेच खाली उतरणारे हवे. चेनच्या दोन जिभा एका लहान कडीत अडकवल्या तर गर्दीतले चोरटे बोट थबकते. बाहेरच्या कप्प्यात रुमाल ठेवा, किमती वस्तू नको. आणि वेल्क्रोचे झाकण टाळा. ते उघडताना कापड फाडल्यासारखा आवाज होतो. एखाद्या कीर्तनात उघडून पाहा, बुवांसकट सगळी सभा तुमच्याकडे वळेल!

पण बंदोबस्त अति झाला तर तोही बाधतो. चार बकले आणि दोन कुलुपे रोज कोण लावणार? तिसऱ्या दिवशी पिशवी उघडीच राहते. दुकानातच परीक्षा घ्या. डोळे मिटून, मनात दहा आकडे मोजेपर्यंत कॅमेरा बाहेर काढता आला पाहिजे आणि पुन्हा दहा आकड्यांत पिशवी बंद झाली पाहिजे.

आता तिसरा प्रश्न, सांभाळण्याचा. आमच्या गावी पिशव्या शिवणारे एक वृद्ध कारागीर आहेत. ते मला म्हणाले, "मास्तर, पट्टा तुटत नसतो, शिवण तुटते." तेव्हा पट्टा जिथे पिशवीला जोडला असेल ती जागा आधी पाहा. तिथे चौकोनी शिवण आणि तिच्यात फुली असावी. पट्टा ४ ते ५ सेंटिमीटर रुंद असला तर खांद्याला काचत नाही, आणि तो गळ्यातून तिरका घेता येण्याइतका लांब हवा. मग तळ अंगठ्याने दाबून पाहा. खालचे टेबल अंगठ्याला लागले, तर उद्या जमीन भिंगालाही लागणार.

पावसाची गोष्ट निराळी. पाणी कापडातून येण्याआधी चेनमधून आणि शिवणीतून येते. म्हणून चेनवर कापडाची पट्टी आहे ना, ते बघा. वरून घालायचे पावसाळी आवरण पुष्कळदा भडक रंगाचे असते. ते गडद घ्यावे, नाहीतर इतका वेळ झाकलेली मूठ पहिल्याच सरीला उघडी पडते. आणि एक चूक आपल्याकडे फार होते. सहल संपली की कॅमेरा पिशवीतच ठेवून कपाटात बंद करतात. पिशवीची गादी दमट हवा धरून ठेवते आणि पावसाळ्यात भिंगाला बुरशी चढते. कोकणात राहणाऱ्यांना हे सांगायला नकोच! पिशवी प्रवासासाठी आहे. घरी कॅमेरा बाहेर काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. त्याचे निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा कोरडे करून घ्यावेत.

इतके करूनही पिशवी तुमच्या जागी पहारा देणार नाही. गर्दीच्या लोकलमध्ये पाठीवरची पिशवी छातीवर घ्या. रात्रीच्या आगगाडीत ती बाकाखाली सारू नका. उशाशी घ्या आणि पट्ट्याचा एक वेढा दंडाला द्या. बाकावर बसलात तर पट्ट्यातून पाय घालून ठेवा. विमानात लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या मोठ्या सामानात टाकता येत नाहीत, त्या जवळच बाळगाव्या लागतात. आणि आपल्याकडे देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाला बहुधा ७ किलोंची मर्यादा असते, म्हणून पिशवीचे स्वतःचे वजन किलोभराच्या आत असलेले बरे. कॅमेऱ्याचा क्रमांक आणि पावती घरी जपून ठेवा; फिर्याद द्यायची पाळी आली तर पोलीस तेच आधी विचारतात.

आणि शेवटचे, जे मला उशिरा उमगले. भरलेले कार्ड पिशवीत ठेवू नका. अंगावरच्या सदऱ्याला आतून बटणाचा खिसा शिवून घ्या आणि ते त्यात ठेवा. रात्री मुक्कामी त्याची दुसरी प्रत करा. कॅमेरा बाजारात पुन्हा मिळतो. फरशीखाली गेलेला दगड मिळत नाही.

माझी आजची पिशवी खाकी कॅनव्हासची आहे. त्या कारागिरांनीच शिवलेली. वर नाव नाही, गाव नाही. गेल्या उन्हाळ्यात तिला घेऊन त्याच बाजूला एस. टी.ने चाललो होतो. शेजारच्या आजोबांनी मांडीवरच्या पिशवीकडे पाहिले आणि कळवळून म्हणाले, "काय मास्तर, सुट्टीतही पेपर तपासता का?"

मी हो म्हटले. परीक्षेचे पेपर कोण चोरून नेणार?