एका मौलानांचं मासिक

मागे पक्ष नाही, मुखपृष्ठावर चित्रतारका नाही... तरीही दिल्लीच्या ‘अल्-रिसाला’नं उर्दू वाचकांत स्वतःचं घर केलं.

हे मासिक ऑक्टोबर १९७६ मध्ये मौलाना वहिदुद्दीन खान यांनी सुरू केलं. आझमगडजवळच्या खेड्यात १९२५ साली जन्मलेल्या मौलानांनी सुमारे पंधरा वर्षं जमात-ए-इस्लामीत काढली. पण धर्माचा राजकीय अर्थ लावणं त्यांना पटेना. ‘ताबीर की गलती’ या १९६३ च्या पुस्तकात त्यांनी संस्थापक मौदुदींचा विचारच खोडून काढला आणि जमातशी फारकत घेतली. पुढे १९६७ ते १९७४ या काळात त्यांनी दिल्लीत ‘अल्-जमीयत’ साप्ताहिक सांभाळलं. तेही जमियत उलेमा-ए-हिंदचं, म्हणजे दुसऱ्याच्याच मालकीचं. मन मोकळं करायला स्वतःचंच पान हवं होतं!

‘अल्-रिसाला’त मजकूर बहुतेक त्यांचाच. छोटे लेख, सोपी भाषा. कधी हुदैबियाचा तह, तर कधी महायुद्धात बेचिराख होऊनही शिक्षण आणि उद्योगाच्या बळावर उभा राहिलेला जपान. सांगणं एकच : तक्रारी पुरे, संयम धरा, शिका. वाचकच एजन्सी घेत, जादा प्रती मागवून ओळखीपाळखीत वाटत. १९८४ मध्ये इंग्रजी आणि १९९० मध्ये हिंदी आवृत्ती निघाली.

या सांगण्याची खरी कसोटी लागली ती डिसेंबर १९९२ नंतर. बाबरी मशिदीवरचा दावा मुसलमानांनी सोडावा आणि हिंदूंनीही तिथंच थांबावं, दुसऱ्या मशिदींचा वाद काढू नये, असं मौलाना म्हणाले. स्वकीयांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. हिंदुत्ववाद्यांना सोयीचं बोलणारा माणूस, असा शिक्काही बसला. मौलाना मागे हटले नाहीत. जैन आचार्य सुशीलकुमार आणि स्वामी चिदानंद यांच्यासह मुंबई ते नागपूर अशी पंधरा दिवसांची शांतियात्रा काढून त्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी तेच सांगितलं.

२००० साली पद्मभूषण आणि जानेवारी २०२१ मध्ये पद्मविभूषण जाहीर झालं. त्याच वर्षी २१ एप्रिलला कोरोनानं दिल्लीत त्यांचं निधन झालं. वय ९६.

त्यांचं सगळंच सगळ्यांना पटलं, असं नाही. पण आपल्याच माणसांना न रुचणारं महिन्यामागून महिने छापायचं, आणि तेही आवाज न चढवता, याला धैर्यच लागतं.