एक राजा, दोन मुकुट : झिगमुंट तिसरा वासा (१५६६–१६३२)

• जन्म : स्वीडनमधील ग्रिप्सहोम किल्ल्यात. काका राजा एरिक चौदावा याने आईवडिलांना तिथे कैदेत ठेवले होते.

• दोन वारसे : वडील योहान तिसरा, स्वीडनच्या वासा घराण्यातले; आई कातारझिना, पोलंडच्या यागिएलोन घराण्यातली.

• मुख्य फरक : स्वीडनची गादी वंशपरंपरेने मिळे. पोलंड-लिथुआनियात सरदारवर्ग मतदानाने राजा निवडत असे.

• १५८७ : पोलंडचा राजा म्हणून निवड. प्रतिस्पर्धी हाब्सबुर्ग घराण्याचा मॅक्सिमिलियन. जानेवारी १५८८ मध्ये बिचिना येथे पोलिश सेनापती यान झामोयस्कीने त्याचा पराभव करून त्याला कैद केले.

• १५९२ : वडिलांच्या मृत्यूनंतर स्वीडनचीही गादी.

• वादाचे मूळ : राजा कॅथलिक, स्वीडन ल्यूथरपंथी. विरोधकांचा म्होरक्या दुसरा काका कार्ल. १५९८ मध्ये स्टाँगेब्रोला हार, १५९९ मध्ये स्वीडनच्या गादीवरून पदच्युती.

• १६०५ : किर्कहोमची लढाई. झिगमुंटचा सेनापती खोडकेविच याच्या सुमारे ३,६०० सैनिकांनी कार्लच्या सुमारे ११,००० फौजेचा धुव्वा उडवला. निर्णायक ठरले ते ‘हुसार’ घोडदळ.

• १६१०–१२ : रशियाविरुद्धच्या युद्धात क्लुशिनोच्या विजयानंतर मॉस्कोत पोलिश शिबंदी.

• राजधानी : राजदरबार क्राकूफहून वॉर्सात हलला.

• स्मारक : वॉर्सातील स्तंभ, १६४४. मुलगा व्वादिस्वाफ चौथा याने उभारला. पुतळ्याच्या एका हातात क्रूस, दुसऱ्यात तलवार.

• वादाची अखेर : १६६० च्या ओलिवा तहात धाकटा मुलगा यान काझिमिएश याने स्वीडनवरील हक्क सोडला. १६६८ मध्ये त्याने पोलंडचे राजपद सोडले आणि तिथली वासा राजवट संपली.