एका पंगतीला जेवलेले

भालकीच्या बसस्टँडमागच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या गाळ्यात आलेलं मशीन कुठलं, हे आतल्या धुळीवरून कळतं. बीदर भागातल्या डब्यात जांभ्या मातीची तांबूस पूड असते. आळंद-कलबुर्गीकडच्या डब्यात ती काळपट होते, आणि मशीन डाळमिलच्या ऑफिसातलं असेल तर पंख्याच्या पात्यांना तुरीच्या फोलपटाची पिवळी भुकटी चिकटलेली असते. दुकानदाराला सगळे अण्णा म्हणतात. ते आधी डबा रस्त्याकडेला नेऊन ब्लोअर मारतात, आणि मगच गिऱ्हाइकाला विचारतात, काय होतंय.

लग्नपत्रिका छापणाऱ्या काकांचं उत्तर तयार होतं. सकाळी मशीन उठत नाही. चार-पाच वेळा बटण दाबल्यावर उठलं, तर दुपारपर्यंत नीट चालतं, पण कोरलमध्ये मोठी फाईल उघडली की आपोआप रिस्टार्ट. गावातल्या एका पोरानं विंडोज टाकून दिलं, रॅम पुसून बसवली, फरक शून्य. नवं मशीन का घेत नाही, हे मला विचारावंसं वाटलं, पण कारण डब्याच्या पाठीमागेच होतं. मराठी आणि कानडी अक्षरांच्या जुन्या सॉफ्टवेअरचं कुलूप प्रिंटरच्या रुंद पोर्टात खोचलेलं होतं. नव्या बोर्डांना बहुधा ते पोर्टच नसतं. या पट्ट्यात एकाच पत्रिकेवर नवरीकडची नावं मराठीत आणि नवऱ्याकडची कानडीत लागतात, त्यामुळे काकांचा धंदा जी-३१ चिपसेटच्या त्या जुन्या बोर्डावर टिकून होता.

झाकण काढलं आणि मलाही दिसलं. प्रोसेसरच्या कडेला सहा कॅपॅसिटर रांगेत उभे होते. त्यातल्या एकाच्या सपाट डोक्यावरची खाच वर आली होती, तिच्यातून तपकिरी खपली बाहेर डोकावत होती. ही खाच मुद्दाम ठेवतात, म्हणजे आतला दाब वाढला तर डबी स्फोट न होता तिथे फाटते.

दोष दिसतो म्हणून तो सोपा वाटतो. कॅपॅसिटर बदलणं हे या कामातलं सगळ्यात छोटं काम आहे, असं माझं बघून झालेलं मत आहे. एसएमपीएसकडून, म्हणजे मशीनच्या पॉवर सप्लायकडून, १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतात एक-सव्वा व्होल्ट, पण करंट लागतो कित्येक अँपिअर. मॉस्फेट नावाचे स्विच सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होऊन तो व्होल्टेज खाली आणतात आणि त्यातले हेलकावे हे कॅपॅसिटर झेलतात. आतला द्रव आटला की त्यांचा अंतर्गत रोध वाढतो. गार असताना तो आणखी जास्त असतो, म्हणून सकाळी मशीन हट्ट करतं आणि तापल्यावर शहाण्यासारखं वागतं. काकांच्या तक्रारीतच निदान होतं. विंडोज बिचारं निर्दोष.

‘‘एकच फुगलंय की, अण्णा. एकच बदला.’’

‘‘एका पंगतीला जेवलेत हे सगळे, काका. एकाला बाधलंय, बाकीच्यांना उद्या बाधणार.’’

अण्णांचं हे म्हणणं जगभर महागात पडून सिद्ध झालेलं आहे. १९९९ नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रव भरलेले कॅपॅसिटर लाखो बोर्डांवर बसले. त्या द्रवात पाण्याचं प्रमाण जास्त होतं आणि पाण्याला आवरणारी रसायनं पुरेशी नव्हती. पाणी ॲल्युमिनियमला खाऊ लागलं, हायड्रोजन तयार झाला, डब्या फुगल्या. द्रवाचं सूत्र अर्धवट चोरल्याची कथा त्या काळी फार गाजली, पण ती कधी सिद्ध झाली नाही. मे २००३ ते जुलै २००५ या काळात डेलने असा धोका असलेले किमान १ कोटी १८ लाख संगणक विकले, हे पुढे २०१० मध्ये खटल्याच्या कागदपत्रांतून उघड झालं.

काकांचा बोर्ड त्या साथीनंतरचा. त्याला मारलं उन्हानं. डबीवर लिहिलेलं असतं १०५ अंश. पुष्कळदा कंपनीची हमी त्या तापमानाला २००० तासांची असते. साधारण नियम असा की तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. ६५ अंशांवर ३२ हजार तास, ७५ वर १६ हजार. रोज आठ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर तेरा वर्षांची सात वर्षंसुद्धा होत नाहीत. कलबुर्गी-बीदरचा मे महिना, पत्र्याचं छत आणि धुळीनं कोंडलेला पंखा एवढं असलं की दहा अंश सहज वाढतात.

अण्णांनी आधी मोबाईलवर फोटो काढला. डबीवरची पट्टी ऋण बाजू दाखवते, पण बोर्डावर छापलेल्या खुणेवर आंधळा विश्वास ठेवता येत नाही, काही कंपन्या ती उलटी छापतात. मग प्रत्येक पायावर राळ आणि शिशाचं नवं सोल्डर. कारखान्यातलं बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं, शिशाचं १८३ च्या आसपास. दोन्ही मिसळली की काम हलकं होतं. तरी ऋण पाय छळतोच, कारण तो बोर्डाच्या आतल्या तांब्याच्या अख्ख्या थराला जोडलेला असतो आणि तो थर सोल्डरिंग आयर्नची सगळी उष्णता पिऊन टाकतो. एक पाय तापवायचा, डबी किंचित कलवायची, मग दुसरा पाय. घाई करून ओढलं तर भोकाच्या आतलं तांब्याचं अस्तर पायाबरोबर बाहेर येतं आणि मग बोर्ड भंगारात. अण्णा ओढत नाहीत. डबी आपण होऊन सुटेपर्यंत डोलवत राहतात. भोकं त्यांनी लाकडी टूथपिकनं मोकळी केली. सोल्डर लाकडाला चिकटत नाही.

नवे कॅपॅसिटर ते हैदराबादला कोठीच्या गुजराती गल्लीतून आणतात. अँप्लिफायरचे साधे ८५ अंशांचे इथे चालत नाहीत, दिसायला तेच असले तरी. त्यांनी १५०० मायक्रोफॅरडच्या जागी ८२० चे पॉलिमरचे बसवले. अंतर्गत रोध इतका कमी असतो की निम्मी क्षमता पुरते. आत द्रव नाही, म्हणून ते सहसा फुगत नाहीत. मात्र बिघडले तर चेहऱ्यावर काही दाखवतही नाहीत.

मीटर लावला, प्रोसेसरच्या लाईनवर जेमतेम दोन-चार ओहम. शिकाऊ पोरगा म्हणाला, शॉर्ट आहे. पण प्रोसेसर बसवलेला असताना एवढं यायचंच. बटण दाबलं, पहिल्या दाबात बीप.

काकांनी पाकीट काढलं. अण्णांनी तोवर एसएमपीएस उघडला होता. पाच व्होल्टच्या स्टँडबाय लाईनवरचा कॅपॅसिटरही वर आलेला.

‘‘हा बदलल्याबिगर मशीन देत नाही.’’

‘‘बोर्ड चालू झालाय की!’’

‘‘आज.’’

घासाघीस झाली. शेवटी भंगारातून काढून तपासलेला एक एसएमपीएस बसला, पंखा मात्र नवा. काकांनी जुना एसएमपीएस परत मागितला, तर अण्णांनी तो टेबलाखाली सरकवला. ‘‘नेऊन दुसऱ्या मशिनीला बसवाल तुम्ही.’’